शेवटच्या पाळीचा दादरा

दुपारी बरोबर साडेतीनला परळच्या गिरणीचा भोंगा झाला, कापड विणणारा साचा थांबला आणि मी जन्मलो. मी दादरा बोलतोय. दादरा म्हणजे मडक्याच्या तोंडाला बांधतात ते फडकं. माझी किंमत ती काय! पण मी जे पाहिलंय ते ऐकून तरी घ्या.

मला विणलं दत्तूने, साळखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात, बेचाळीस नंबरच्या साच्यावर. संपाआधीची ती त्याची शेवटची पाळी. हातभर मांजरपाट उरला होता. मुकादम कुशाबा म्हणाला, "ने रे घरी. सोमवारपासून संप. पंधरा दिवसांत परत येऊच की."

पंधरा दिवस कसले, वर्ष उलटलं. दत्तूची बायको तुळसा ओली बाळंतीण. घरात नाचणी तेवढी होती. ताक आणायचं कुठून? तिने पीठ नुसत्या पाण्यात कालवलं, मडक्यात ओतलं आणि वर मला बांधलं. "बस बाबा राखण करत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खालून बुडबुडे यायला लागले. मी घाबरलोच. कुणी विरजण घातलं नाही, विस्तव लावला नाही, मग हे जिवंत झालं कसं? हवेतलं काहीतरी माझ्यातून आत उतरलं होतं आणि जाताजाता माझ्या धाग्यांतही घर करून बसलं होतं.

तुळसाने करंगळी बुडवून जिभेला लावली. तिचा डावा डोळा आपोआप मिटला. "झाली गं बाई आंबील!" एक डोळा मिटला तर झाली, दोन्ही मिटले तर जास्त आंबली, हे तिचं माप. त्या आंबिलीवर घर तगलं. मला साबण लावायचा नाही, आंबिलीच्या निवळीतच पिळायचं, हा तिचा नेम.

दत्तू भोंग्याची वाट बघत बघत गेला. मी मडक्यावरच राहिलो, तीस वर्षं आणि वर थोडी.

आंबिलीवर वाढलेला मुलगा मोठा झाला, त्याची बायको आली शेवंता. तिचं बाळ दहा महिन्यांचं, नवऱ्याचं काम सुटलेलं. तिचा जीव कायम टांगणीला. बाळ जरा जास्त झोपलं तरी उठवून बघणार! तिला त्याच गिरणीच्या आवारात झाडलोटीचं काम लागलं. साळखात्याच्या जागी आता बिअर बनत होती. दुपारच्या जेवणाला ती लोट्यातून आंबील न्यायची, तोंडाला मी बांधलेला.

पहिल्या दिवशी आत गेलो, वर पाहिलं आणि थक्क झालो. छपराच्या त्याच उतरत्या काचा, उत्तरेचा तोच उजेड! इथेच तर मी विणला गेलो होतो.

तिथे बिअर करणारा दौलत, गिरगावचा. एका संध्याकाळी त्याने जवाचा उकळलेला काढा लाकडी पिंपात ओतला, पिंपाचं वीतभर तोंड उघडं ठेवलं, खिडक्या सताड उघडल्या. त्याला ते नुसत्या हवेवर आंबवायचं होतं. आधी दोनदा फसलं होतं. "याला कोणी हात लावायचा नाही," म्हणाला आणि गेला.

शेवंताला काय ठाऊक! उघडं अन्न आणि वर तुळईला पाल. तिचा पाय निघेना. शेवटी लोट्यावरून मला सोडलं आणि पिंपाच्या तोंडाला घट्ट बांधलं.

सकाळी दौलतचा आवाज चढला. "हे कुणी बांधलं?"

"मी, साहेब. पाल पडली असती."

"अगं, घरचं फडकं? पिंप उघडायला आठ महिने आहेत. तोवर कामाला ये. चव बिघडलेली निघाली तर काम विसर."

मला खिळ्याला टांगलं, चोराला टांगावं तसं. घरी म्हणे तुळसा कुरकुरायची, "नव्या फडक्याखाली आंबील सडते गं." रोज केर काढताना शेवंता पिंपाला कान लावायची, तापलेल्या बाळाच्या छातीला लावावा तसा. आत कुणीतरी श्वास घेत असायचं.

आठ महिने झाले. पेल्यात उतरली ती जुन्या मधाच्या रंगाची, किंचित गढूळ. दौलतने वास घेतला. पुन्हा घेतला. घोट तोंडात फिरवला. शेवंताने ओढणी मुठीत आवळली.

त्याचा डोळा मिटला. डावा. एकच.

मग देवळात बोलावं तसा हळू म्हणाला, "आधी आंबट बिमली. मग भाकरीची करपलेली कड. आणि शेवटी... शेवटी हे काय आहे गं?" त्याने पेला पुढे केला.

"नको साहेब, अंगावर पाजते मी." तिने करंगळी तेवढी बुडवली. जिभेला लागली मात्र, तिचे डोळे भरले. "ही आमच्या सासूबाईंची आंबील आहे हो!"

"फडक्याला काय लावलं होतंस?"

"काही नाही. साबणसुद्धा नाही."

दौलतने मला खिळ्यावरून उतरवलं, दोन्ही हातांवर घेतलं. "हे फडकं इथेच राहू दे. आणि तूही."

"राहते की. पण आमचं मडकं?" म्हणत शेवंताने माझी कड दाताने तोडली आणि टर्रकन फाडलं. अर्धा त्याला दिला, अर्धा कमरेला खोचला.

तेव्हापासून अर्धा मी तुळसाच्या मडक्यावर आहे, अर्धा इथे पिंपावर. दोन्हीकडे बुडबुडे येतात. मी विरलोय, डागाळलोय, पण सुकलो नाही.

एक काम करा. साळखात्यातलं कुणी अजून हयात असेल, तुमच्या ओळखीत नसलं तर शेजारच्याच्या असेल, त्याला एवढा निरोप पोचवा. म्हणावं, बेचाळीस नंबरच्या साच्यावरचं, शेवटच्या पाळीचं कापड परत कामावर लागलंय.