गवताला पाणी घालणारी झारी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी झारी आहे. एका कारागिराने पत्रा कापून, सांध्यांना डाग देऊन मला घडवले आणि एका आईने मला घरी आणले. घरामागे तिची लहानशी बाग होती. रोज सकाळी ती झाडांशी गप्पा मारत पाणी घालायची. "माझ्या झारीला कुणी हात लावायचा नाही," असे घरच्यांना बजावायची. तेव्हा माझा फार मान होता.

कुंपणापलीकडे तिच्या मुलाचे गॅरेज होते. तिथल्या डिझेलच्या टाकीला गळती लागली. आई सांगत राहिली, मुलगा "बघतो गं" म्हणत राहिला. डिझेल बागेत मुरले. गुलाब वाळले, मोगरा गेला, जमीन काळी पडली. आईने मला कोपऱ्यात टाकले आणि मुलाशी बोलणे सोडले.

ते त्याच्या मनाला फार लागले. शेतकी कॉलेजातल्या एका बाईंना त्याने उपाय विचारला.

"खोल मुळांचं गवत लावा," बाई म्हणाल्या. "मुळांभोवतीचे सूक्ष्म जीव डिझेल हळूहळू खातात. पण धीर धरावा लागेल."

त्याने गळकी टाकी काढून टाकली आणि गवत पेरले. ते पिवळे पडून मेले. त्याने पुन्हा पेरले. गॅरेजातून कितीही दमून आला, तरी हात धुऊन आधी मला उचलायचा.

काही वर्षांनी गवत कमरेएवढे झाले. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, एकदा येऊन बघ ना."

आई भाजी चिरत होती. मान वर न करता ती सुनेला म्हणाली, "त्याला सांग, मला वेळ नाही."

त्याच आठवड्यात गॅरेजमध्ये काम करता करता तो कोसळला. पुन्हा उठलाच नाही.

पुढे बाईंनी माती तपासली. "माती सुधारली आहे, आजी. आता गुलाब लावा."

"नको," आई म्हणाली. "गवतच राहू दे. पोरानं लावलंय ते."

आता तिला मी भरलेली पेलत नाही. ती मला अर्धीच भरते, पुन्हा पुन्हा नळापाशी जाते. पाणी घालताना गवताला म्हणते, "आले रे बाळा. बघायला आले."

मित्रांनो, जमिनीत तेल मुरू देऊ नका. तिला बरे व्हायला फार काळ लागतो. आणि आपल्या माणसाने हाक मारली, तर हातातले काम ठेवून लगेच जा.