नानांच्या दाढीचा आरसा

मित्रांनो, मी काही मोठ्या घराण्यातला आरसा नाही. जालन्याला ख्वाजामियाँ नावाचे एक काच कापणारे होते. लग्नाच्या एका कपाटासाठी त्यांनी पुरुषभर उंचीचा आरसा कापला आणि जो तुकडा खाली उरला, तो मी. त्यांनी माझ्यावर फुंकर मारली, मला लुंगीला पुसले आणि उजेडात धरले. "टुकडा छोटा है, पर चेहरा सच्चा बताता," असे म्हणून त्यांनी मला सागवानी पट्ट्यांची चौकट बसवली. समोरच तो कपाटाचा आरसा उभा होता. त्याच्यापुढे नवरी पदर सारखा करणार, पैंजण बघणार. माझ्यात एक तोंड मावले तरी पुष्कळ. मत्सर म्हणजे काय, ते मी त्या दुकानातच शिकलो.

मला काकासाहेबांनी विकत घेतले. तेव्हा ते तरुण होते आणि अंकुशनगरच्या साखर कारखान्यात नुकतेच पॅनमन म्हणून लागले होते. रस उकळून दाट होत आला की त्यात साखरेचा दाणा कधी धरतो, हे पॅनच्या छोट्या काचेतून बघत राहायचे ते काम. काचेत बघून पोट भरणाऱ्या माणसाने मला निवडले, याचा मला मोठा अभिमान वाटला.

मागच्या ओट्यावर, पाण्याच्या हौदाशेजारी, त्यांनी मला खिळ्याला टांगले. गळीत हंगामात पाळ्या बदलत. पाळी कोणतीही असो, कामावर निघण्याआधी ते माझ्यासमोर उभे राहात. त्यांच्या उजव्या भुवईत एक खाच होती. लहानपणी बैलाचे शिंग लागले होते, तिथे पुन्हा केस आलेच नाहीत. गालावर साबण फिरवताना ती तुटकी भुवई वर जाई. दाढीच्या ब्रशचा मला फार हेवा वाटे. तो त्यांच्या गालावरून फिरायचा. मला नुसते बघायचे होते.

पुढे त्या ओट्याच्या पायरीवर एक मुलगी येऊन बसू लागली. ती त्यांची लेक, अर्पिता; ती त्यांना नाना म्हणे. हंगामात नाना एकतर कारखान्यात असायचे नाहीतर झोपलेले. जागे आणि मोकळे नाना तिला दाढीच्या वेळीच सापडत. ती त्यांच्या पाठीमागे बसे आणि माझ्यातून त्यांचा चेहरा बघे. मग नाना फेसाच्या मिशा काढत, एक गाल फुगवत, ओठ वाकडा करत.

"हं, आता कोण आलं?"

"हवालदार!"

"हवालदार न्हाई बाई, हवालदाराची सासू!"

मुलगी हसून हसून पायरीवर आडवी होई. मग सासू रुसे, हवालदार घाबरे, रडका राजा मध्ये पडे. एका चेहऱ्यामागून दुसरा चेहरा, आणि दाढी संपेपर्यंत गोष्ट संपलेली. आतून तिची आई, द्वारकाबाई ओरडत, "आवं, भोंगा झाला! ती पोरगी शाळंत जायची हाय, तुमी तमाशा करून राह्यले का?"

ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. माझ्यात एवढी माणसे येऊन गेली की कपाटाच्या आरशात शंभर नवऱ्या आल्या असत्या तरी मी त्याला विचारले नसते.

मुलगी मोठी झाली आणि पुण्याला गेली. तिथे ती चित्रकथा करू लागली. गोष्ट लिहायची तीच, चौकटी आखायची तीच, चित्रे काढायची तीच. पुस्तक स्वतःच छापून घ्यायचे आणि मेळ्यात टेबल मांडून स्वतःच विकायचे. नाना निवृत्त झाले, तरी भोंगा झाला की दाढीला उभे राहात. गेल्या श्रावणात हंगाम नव्हता, कारखाना बंद, म्हणून भोंगाही नव्हता. त्याच दिवसांत नाना गेले.

बैठकीत त्यांचा फोटो लागला. कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, न हसणारा. येणारा-जाणारा त्याला हात जोडी, हार घाली. इतकी वर्षे रोज त्यांना बघितले मी, आणि हार त्या फोटोला! माझ्यावर कोळ्याने जाळे केले.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. भोंगा झाला तेव्हा खिळ्यावर मी सवयीने सावध झालो. समोर कोणी आले नाही. पण त्याच आठवड्यात अर्पिता सामानासकट घरी आली. तिला नानांवर पुस्तक करायचे होते. गुढीपाडव्याआधी पुण्यात चित्रकथांचा मेळा होता, तोवर ते छापून व्हायला हवे होते. तिने कागद, शाई, पेन्सिली ओट्यावर मांडल्या आणि ती पुन्हा त्याच पायरीवर बसली.

तिने मला खिळ्यावरून काढले, ओढणीने पुसले आणि तांब्याला टेकवून समोर ठेवले. मग माझ्यात बघून तिने एक गाल फुगवला. ओठ वाकडा केला. भुवई वर नेली. चित्र काढणारे लोक स्वतःचे तोंड बघून तसे चेहरे काढतात, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मला वाटले, हवालदाराची सासू परत आली!

पण ती माझ्यात एकदा बघे आणि कागदाकडे दहादा. इथून घ्यायचे आणि तिथे द्यायचे. हळूहळू कागदावर नाना उमटू लागले. फेसाच्या मिशांचे नाना, रडक्या राजाचे नाना. संध्याकाळी ती पाने उचलून आत नेई, तरी नाना त्या पानांवरच राहात. माझ्यासमोरून ती उठली की माझ्यात मागची भिंत आणि एक बादली. चार दशके ज्याला रोज बघितले, त्याची एक पापणीसुद्धा मला ठेवता आली नव्हती. आणि हा कालचा कोरा कागद! मला त्याचा इतका मत्सर वाटला की तसा कपाटाच्या आरशाचाही कधी वाटला नव्हता.

द्वारकाबाई ताट घेऊन येत आणि पानांकडे न बघता म्हणत, "अर्पू, जेवून घे. ती पानं काय पळून राह्यलीत?"

एका दुपारी पाने खरोखरच पळाली. वावटळ आली, नुकते शाईने पूर्ण केलेले पान उडाले आणि तांब्या कलंडला. अर्पिताने दोन्ही हातांनी पान धरले. मी पायरीवर पडलो. माझ्या वरच्या कोपऱ्यातून तडा गेला. तिने एकदा माझ्याकडे बघितले, एकदा पानाकडे, आणि पानावर शाई फिसकटली नाही ना, ते आधी तपासले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागी तिचा फोन उभा राहिला. तो तिचे तोंड दाखवी आणि ठेवूनही घेई. द्वारकाबाई म्हणाल्या, "तडकलेला आरसा घरात बरा न्हाई." त्यांनी मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि भंगारवाल्यासाठी अंगणात फाटकाजवळ ठेवले. गुंडाळायला मिळाला तोही कागदच.

पुस्तक पुरे झाले तेव्हा मी तिथेच होतो. त्या दिवशी रखमाजी आले होते. ते नानांचे पाळीतले जोडीदार. अर्पिताने अंगणातल्या बाजेवर पाने मांडली. मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते.

रखमाजी खाकरले. "चित्रं झ्याक हायेत, पोरी. पन वैनी, काकासाहेब डावरे कवापासून झाले?"

"म्हंजी?"

"आवं, डाव्या हातानं दाढी करून राह्यले. हा मला त्यांचा जुळा भाऊ वाटतो, कुंभमेळ्यात हरवल्याला."

द्वारकाबाईंनी चष्मा मागवला. इतके दिवस त्यांना पानांकडे बघवले नव्हते, आज बघितले.

"अर्पू," त्या हळूच म्हणाल्या, "भुवई उजवी तुटकी व्हती गं. तू डावी काढली. भांगबी ह्या बाजूचा न्हाई."

अर्पिता बैठकीत धावत गेली. हारासकट फोटो काढून आणल्याचा आवाज मी ऐकला. मग तिचा आवाज आला आणि तो त्या पायरीवरच्या लहान मुलीचा आवाज होता.

"आई, मी नानांचा चेहरा विसरले."

"आसं नको बोलू बाई."

"सहा महिने झाले नाहीत अजून. एकेक पान चुकलंय. दुसऱ्याच कुणाच्या बापाचं पुस्तक केलं मी."

मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. कागद हरला होता. पण ते रडणे ऐकून माझ्या तड्यात कसेसेच झाले.

तिने जालन्याला फोन लावला. सोहेब तिचा शाळेतला मित्र, त्याचा छापखाना होता. तो मोठ्याने बोलायचा, म्हणून मलाही ऐकू आले. "अगं, इतकंच ना? बिलकुल टेन्शन नको घेऊ. कंप्युटरवर सगळी चित्रं पलटी करून देतो, दोन मिनिटांचं काम हाय. अक्षरं तेवढी तू परत लिही. पन उद्या सांग, जल्दी. परवा मशीनवर दुसरं काम चढतंय."

फोनवरच एका पानाचा फोटो पलटी करून ती आईला दाखवत होती, हे बोलण्यावरून कळले.

"हां! आता बराबर," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हेच काकासाहेब," रखमाजी म्हणाले.

अर्पिता म्हणाली, "हे फोटोतले नाना आहेत. मला आठवतात ते हे नाहीत."

"मंग ते कोन हायेत?"

"तेच कळत नाही." ती पाने पुन्हा चाळत होती. कागदांची सळसळ एकदम थांबली. "आई, भुवई उलटी. भांग उलटा. वस्तऱ्याचा हातही उलटा. विसरले असते तर एखादी गोष्ट तरी चुकून बरोबर आली असती ना? आई, आरसा कुठंय?"

"कोन्ता आरसा?"

"नानांचा! दाढीचा!"

मित्रांनो, आयुष्यात प्रथमच कोणीतरी कागद फाडून माझ्यापर्यंत आले. तिने मला छातीशी धरून मागच्या ओट्यावर नेले आणि जुन्या खिळ्याला टांगले. आईला हाताला धरून माझ्यासमोर उभे केले आणि स्वतः पाठीमागे पायरीवर बसली.

"आई, आरशातच बघ. तुझ्या नाकात चमकी कुठंय?"

"कुठं म्हंजी? डाव्या नाकपुडीत."

"मला इथून ती आरशातल्या बाईच्या उजव्या नाकपुडीत दिसते. आता वळ माझ्याकडे."

द्वारकाबाई वळल्या, मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. त्यांनी चमकीला बोट लावले आणि माझ्यातले बोट बघितले. रखमाजी दारात उभे होते, तेही मान वाकडी करून बघू लागले.

"मी नानांना इथूनच बघायचे," अर्पिता म्हणाली. "समोरून कमी बघितलं, आरशातूनच जास्त. ह्याच्यातलेच नाना काढलेत मी. एक रेघही विसरले नाही."

द्वारकाबाई माझ्यासमोरून हलल्या नाहीत. "म्हंजी," त्या म्हणाल्या, "त्यांना सोताचं तोंड आसंच दिसत व्हतं? भुवई ह्या बाजूची?"

"हो. रोज."

"चाळीस वर्सं संसार केला, मला कवा न्हाई दिसलं ते." त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली, तडा टाळून. "मंग राहू दे. पलटी नको करू. आमच्यासाठी फोटो हाय. हे त्यांचं त्यांना दिसलेलं हाय, आन् तुला."

रखमाजी म्हणाले, "पन वैनी, लोक म्हनतीन ना, बाप डावरा व्हता का?"

"म्हनू द्या!"

अर्पिताने त्यावर एक युक्ती काढली. त्याच दुपारी तिने पहिले पान नव्याने काढले. त्यात आधी सागवानी चौकट आली, मग वरच्या कोपऱ्यातला तडा आला, मग मागची पायरी आणि पायरीवर बसलेली पाठमोरी मुलगी. नाना त्या चौकटीच्या आत. आता वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळते की हे सगळे आरशातले आहे. सोहेबने पुस्तक वेळेत छापले. मेळ्याला जाण्याआधी अर्पिताने पहिली प्रत माझ्यासमोर धरली.

मी बघितले. माझ्यात पुस्तकाचे पहिले पान होते, त्या पानात मी होतो, आणि मला दिसले की उलट्याचे पुन्हा उलटे होऊन आज नानांची भुवई उजवी झाली आहे. छापलेली अक्षरे मात्र उलटी, वाचता येईनात. मग तिने पुस्तक मिटले आणि पिशवीत घातले. माझ्यात पुन्हा भिंत आणि बादली.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. तडा आहे, पण मला कोणी काढत नाही. भोंगा झाला की द्वारकाबाई येऊन माझ्यासमोर कुंकू लावतात, आतल्या खोलीत कपाटाला मोठा आरसा असूनसुद्धा. सगळे ठीक आहे. तरीही कागदाचा मत्सर गेला नाही. नाना आता पुण्यात, कुठल्या कुठल्या घरांत, पुस्तकांमधून गाल फुगवून बसले असतील, आणि ते ज्याच्यातून गेले त्याच्याकडे त्यांचा एक केससुद्धा नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरातही कोणीतरी आरशासमोर दाढी करत असेल, वेणी घालत असेल. त्यांच्या मागे जरा बसत जा. जुना आरसा असला तर पुसत जा, तडकला म्हणून लगेच फाटकाशी ठेवू नका. दाखवायचे तेवढे आम्ही दाखवतो. ठेवून घेणे तुम्हालाच जमते. कागदाच्याही आधी ते त्या पायरीवरच्या मुलीला जमले होते, आणि खरे सांगू, मला सगळ्यात जास्त हेवा तिचाच वाटतो.