तब्येत जास्त आहे

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कॅथलिक मिशनच्या रेडिओ केंद्रात स्वानंदी वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आली होती. मिशनच्या घरात खोली, जेवण आणि थोडा हातखर्च मिळे. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत वाढलेल्या, पत्रकारितेची पदवी घेतलेल्या मुलीने हे का करावं, असं तिची आई संध्या अजून विचारत होती.

"आपण कॅथलिकसुद्धा नाही," आई म्हणे.

"त्यांनी विचारलंच नाही," स्वानंदी सांगे.

केंद्रावरून प्रार्थना होत, गाणी लागत, पण लोक रेडिओ चालू ठेवत ते हवामान आणि निरोपांसाठी. आजूबाजूच्या गावांना जोडणारे रस्ते नाहीत. माणसं लहान विमानाने जातात किंवा स्नोमशीनवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीवर. वाटेत फोन लागत नाही. कोण सुखरूप पोहोचलं, कोणाचं सामान विमानतळावर पडून आहे, हे संध्याकाळच्या कार्यक्रमात सांगितलं जाई. केंद्रप्रमुख लोरेटाने सुरुवातीलाच दोन नियम शिकवले होते. निरोप दिलेल्या शब्दांतच वाचायचा. आणि घरच्यांना कोणीतरी समोर बसून सांगेपर्यंत मृत्यूची बातमी द्यायची नाही.

मार्चमधल्या एका दुपारी क्लिफर्डचा फोन आला. तो गावातल्या शाळेत शिकवायचा. त्याचे मामा वॉल्टर अँकरेजच्या हॉस्पिटलमध्ये वारले होते. वॉल्टरची थोरली बहीण ॲग्नेस किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या एका गावात एकटी राहत होती.

"वाऱ्यामुळे आजचं विमान रद्द झालंय," क्लिफर्ड म्हणाला. "उद्या सकाळी जाऊन मावशीला मीच सांगणार. मामांना तसा शब्द दिलाय. तोवर तुमच्याकडून काही जायला नको."

अडचण वेगळीच होती. वॉल्टर हॉस्पिटलमध्ये गेल्यापासून ॲग्नेस रोज त्याच्यासाठी निरोप देत असे आणि तो फोनवर केंद्राचं प्रसारण ऐकत असे. आजचा निरोप तिने सकाळीच दिला होता: 'वॉल्टर, सुकवलेला सामन मासा अजून शिल्लक आहे. तुझा वाटा कोणाला दिलेला नाही. लवकर ये.'

लोरेटा गावाबाहेरचा ट्रान्समीटर बघायला निघाली होती. बुटांच्या नाड्या बांधता बांधता ती म्हणाली, "आहे तसा वाच."

"पण ऐकायला तो नाहीये."

"ती आहे," लोरेटा म्हणाली आणि गेली.

कार्यक्रमाला वेळ होता. स्वानंदीने आईला फोन लावला.

"मेलेल्या माणसाला 'लवकर ये' कसं म्हणू, आई? इट्स क्रीपी."

"मग नको म्हणू. पण एकदम सांगतही नाहीत गं. तब्येत जास्त आहे म्हणायचं. म्हणजे माणूस मनाची तयारी करतो."

"आजोबांच्या वेळी बाबांना असंच सांगितलं होतं ना?"

"हो. सगळ्यांना असंच सांगतात. काकांनी पुण्याहून फोन केला, सीरियस आहेत, लगेच नीघ. बाबा निघाले."

"आणि आजोबा गेलेले होते."

"अगं, इतक्या लांबून यायचं, तर मनात काहीतरी नको का?"

निरोपांच्या वेळी ॲग्नेसचं नाव आल्यावर स्वानंदीने सामनचं वाक्य वाचलं नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "ॲग्नेस, वॉल्टर यांची तब्येत जास्त आहे. घरातच राहा. क्लिफर्ड उद्या येत आहेत." मग तिने वाऱ्याचा अंदाज वाचला आणि पुढचं गाणं लावलं.

गाणं संपायच्या आत ॲग्नेसच्या शेजारणीचा फोन आला.

"ॲग्नेस निघाली."

"कुठे?"

"तुमच्याकडे, स्नोमशीनवर. उद्याचं अँकरेजचं विमान पकडायला. म्हणाली, अजून आहे तर भेटते. मी म्हटलं, वाऱ्यात समोरचं दिसत नाहीये. तर म्हणाली, वाट मला दिसायची गरज नाही."

लोरेटा परतली तेव्हा स्वानंदीने तिला सगळं सांगितलं. लोरेटाने कोट काढला नाही. तिने आधी ॲग्नेसच्या गावातल्या शोधपथकाला फोन केला. माणसं निघत होती, पण ॲग्नेस बरीच पुढे गेली होती.

"तिच्याकडे रेडिओ असेल?" स्वानंदीने विचारलं.

"टोपीच्या आत, कानाशी. आमच्याकडे त्याशिवाय कोणी निघत नाही." लोरेटा तिच्याकडे बघत नव्हती. "तो गेला हे कळलं तरच ती परत फिरेल. तब्येतीसाठी नाही फिरणार."

"मी सांगते."

"तू आज पुष्कळ सांगितलंस."

लोरेटाने क्लिफर्डला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. मग तो म्हणाला, "लाइन जोडा. मी बोलतो."

स्वानंदीने गाणं थांबवलं आणि त्याचा फोन प्रसारणावर घेतला. क्लिफर्ड त्यांच्या युपिक भाषेत बोलला, सावकाश, एकदाही न अडखळता. स्वानंदीला त्यातली फक्त दोन नावं कळली. बोलणं झाल्यावर त्याने तेच पुन्हा सांगितलं, आणि लोरेटाने हात वर केल्यावर तिसऱ्यांदा. एरवी लोरेटा तिला भाषांतर करून सांगायची. त्या दिवशी सांगितलं नाही.

शोधपथकाला ॲग्नेस वाटेवरच्या निवाऱ्याच्या खोपट्यात सापडली. स्टोव्ह पेटलेला होता. स्नोमशीनचं तोंड तिने घराकडे वळवून ठेवलं होतं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं थंडीने पांढरी पडली होती. बोटं पुढे बरी झाली.

वॉल्टरचं दफन चार-पाच दिवसांनी ॲग्नेसच्याच गावात झालं. मिशनचे फादर, लोरेटा आणि स्वानंदी लहान विमानाने गेले. विमानातून उतरल्यावर क्लिफर्डने स्वानंदीला बाजूला घेतलं.

"मावशीने मला विचारलं, रेडिओवर तब्येत जास्त आहे म्हणाले तेव्हा तो जिवंत होता का. मी हो म्हटलं. त्यानंतर गेला, असं सांगितलंय."

"का?"

"तुझ्यासाठी नाही. याच आवाजावर विसंबून लोक वाटेला लागतात. तिने विचारलं तर तूही हो म्हण."

दफनानंतर शाळेच्या सभागृहात जेवण होतं. ॲग्नेस भिंतीला लागून बसली होती, हाताला बँडेज. तिने स्वानंदीला बोलावून शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आवाजावरून मला तू म्हातारी वाटायचीस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तू ते वाचलंस तेव्हा तो होता?"

क्लिफर्ड पलीकडच्या टेबलावर सूप वाढत होता. त्याचा हात थांबला.

"नव्हता," स्वानंदी म्हणाली. "दुपारीच गेले होते. मला माहीत होतं."

ॲग्नेसने वाटी मांडीवरून उचलून खाली ठेवली.

"क्लिफर्ड हो म्हणाला."

"मला माहीत आहे."

"तो लहानपणापासून असाच आहे. काही मोडलं की आधी चिकटवून ठेवायचा." ती खोलीकडे बघत राहिली. "तुमच्याकडे असंच सांगतात का?"

"हो. माणूस दूर असला की."

"मग तो काय करतो?"

"निघतो."

ॲग्नेसने मान हलवली. स्वानंदी उठायला लागली तेव्हा तिने विचारलं, "उद्या वारा कसा आहे? मला जाळं बघायला जायचंय."

"सकाळी कमी. दुपारनंतर उत्तरेकडून वाढेल."

"हे खरं, की मला बरं वाटावं म्हणून?"

"हे वेधशाळेचं आहे," स्वानंदी म्हणाली. "माझं काही नाही त्यात."

"मग सकाळीच जाते," ॲग्नेस म्हणाली.