पांढऱ्या पायाच्या अध्यक्षबाई

अध्यक्षबाई सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेल्या नाहीत. पण हे घडलंच नाही असं समजून पुढे वाचावं. त्यांच्या माहेरचे लोक तसंच समजतात, आणि त्यांची पचनशक्ती उत्तम आहे.

तर, तो एक साधा कामाचा दिवस होता. बाई इन्शुलिनच्या कारखान्यात जिवाणूंच्या टाकीसमोर उभ्या होत्या. पहिली कंपनी त्यांनी शून्यातून उभी केली होती, दुसरी बुडताना शेंडी धरून वर काढली होती, आणि या तिसरीने त्यांना हातापाया पडून आणलं होतं. जैवतंत्रज्ञान उद्योगांच्या संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच, कारण बैठकीला वेळेवर येणाऱ्या त्या एकट्या. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. टाकीतले जिवाणू तेवढे त्यांच्यावर अवलंबून होते, तेही तापमानापुरते.

धाकटा भाऊ भेटायला आला. आत यायचं तर बुटांवर पांढरे मोजे चढवावे लागतात. एका पायावर नाचत त्याने ते चढवले.

"ताई, लग्नाचं बोलायचं होतं. गैरसमज करून घेऊ नकोस."

"म्हणजे करून घेण्यासारखं काहीतरी आणलंयस."

"हॉलला लागून एक खोली आहे. एसी आहे, सोफा आहे, पडद्यावर सगळं लग्न दिसेल. व्याह्यांकडे जरा जुनं वळण आहे गं. भाऊजी गेल्यापासून लोक म्हणतात ना, की..."

"पांढऱ्या पायाची."

"मी नाही म्हणत!"

बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "इथे सगळेच तसे आहेत. आता तूसुद्धा. बरं, तुझ्या विहीणबाई रोज सकाळी कुणाचं इन्शुलिन टोचून घेतात?"

"तुझ्याच कंपनीचं."

"मग ते कसं चालतं?"

"ते फ्रिजमध्ये असतं ना, ताई."

या युक्तिवादापुढे विज्ञानाने हात टेकले.

"म्हणजे मी शेजारच्या खोलीतून ऑनलाइन?"

"हो! म्हटलं तर लग्नात, म्हटलं तर नाही." प्रश्न सुटला असं समजून भाऊ खुशीत निघून गेला.

बाईंचा नवरा हृदय बंद पडून गेला होता. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. पण नातेवाइकांनी स्वतंत्र संशोधन केलं आणि कारण बाईंच्या पावलांत सापडलं. त्या संशोधनाला कुणी पुरावा मागितला नाही. एवढी सवलत बाईंच्या एकाही औषधाला कधी मिळाली नव्हती.

संध्याकाळी भाचीचा फोन आला. ही पोर आत्याच्या प्रयोगशाळेतच वाढलेली. अक्षरं गिरवायच्या आधी तिने सूक्ष्मदर्शकातून यीस्ट पाहिलं होतं. घरी भांडून फोन करत असेल, असं बाईंना वाटलं.

"आत्या, बस ना गं त्या खोलीत. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. माझ्यासाठी."



"तुझ्यासाठीच नाही बसत, बाळा. मी बसले की ती खोली कायमची झाली. मग पुढे तिच्यात कुणाला बसवायचं, ते तुझ्या सासरचे ठरवतील. तू बोलावलंस तर हॉलमध्ये येईन. पहिल्या रांगेत."

"आईबाबा ऐकणार नाहीत."

"मी त्यांना कुठे विचारलं? तुला विचारतेय."

 "ठेवते हं, शिंपीणबाई आल्यात."

लग्नाच्या दिवशी बाई नवे कपडे घालून ऑफिसात बसल्या. फोन समोरच ठेवला होता. तो एकदा वाजला. टाकीचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं होतं.

संघटनेकडून दरवर्षी मंत्रालयाला मागण्या जातात. त्याच दुपारी बाई यंदाच्या मागण्या सांगत गेल्या, संघटनेचा सचिव टाइप करत गेला. परवाने लवकर मिळावेत, कच्च्या मालावरचा कर कमी व्हावा. शेवटची मागणी सांगतानाही त्यांचा आवाज बदलला नाही. सचिवाने एकदाच मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि टाइप केलं:

"सर्व कै. पतींना विनंती करण्यात येते की, आपल्या मृत्यूस पत्नी जबाबदार नसल्याचा जबाब त्यांनी सक्षम अधिकाऱ्यासमोर समक्ष हजर राहून नोंदवावा. अर्जदाराच्या पतीने जबाबानंतर परत जाण्याची घाई करू नये."