राखेतलं नाव

वेंडेल क्रीगरला पुरलं त्या दिवशी जादूगारांच्या क्लबचा अध्यक्ष रॉस टिलमन पुढे आला, वेंडेलची कांडी त्याने सगळ्यांदेखत कडकन मोडली आणि दोन्ही तुकडे शवपेटीवर ठेवले. जादूगारांचा रिवाजच आहे तो. पण मग हात झटकून तो व्हर्नाकडे वळला आणि म्हणाला, मिसेस क्रीगर, त्याच्या खेळांची पेटी लवकर क्लबात पोचवा. नवऱ्यावर अजून माती पडायची होती, आणि ह्याला पेटीची घाई. व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला.

दर हॅलोविनला गावच्या वाचनालयाच्या तळघरात वेंडेल भुताच्या गोष्टी सांगत जादू करायचा. बत्तीस वर्षांत एकदाही खंड नाही. या वर्षी काय करायचं, असं वाचनालयाच्या ओपलने विचारलं, तेव्हा व्हर्ना म्हणाली की मी करते. दुसऱ्याच दिवशी रॉस तिच्या ओसरीवर हजर. भोपळे कोरत बसलेल्या बाईशी समजुतीच्या सुरात बोलू लागला.

"राखेचा खेळ दोघांचा असतो, मिसेस क्रीगर. जादूगार वेंडेल. तुम्ही आपल्या मदतनीस."

आपल्या मदतनीस, म्हणे. प्रेक्षकाने चिठ्ठीवर नाव लिहायचं, चिठ्ठी जाळायची, राख वेंडेलने दंडावर चोळायची की तेच नाव काळंकुट्ट उमटायचं. लोकांची बोबडी वळायची. पण ताटली नेता नेता चिठ्ठी वाचायची कोण? त्याची बाही वर सारण्याच्या निमित्ताने नखातल्या साबणाने दंडावर नाव लिहायची कोण? राख साबणाला चिकटते, बस्स. जाहिरातीत मात्र नाव एकट्या वेंडेलचं. तिला त्याचं वाईट वाटायचं, आणि ते तिने त्याला कधी बोलून दाखवलं नाही, याचं त्याहून जास्त.

तिने सुरी खाली ठेवली. "खेळ मी करणार. फसला तर पेटी त्याच दिवशी घेऊन जा. जमला तर पुन्हा ही पायरी चढायची नाही."

रॉस हसला. दंडावर लिहायला दुसरं माणूस आणणार कुठून, हे त्याला ठाऊक होतं.

हॅलोविनच्या दुपारी चार वाजता तळघर पोरांनी आणि आईबापांनी गच्च भरलं. सोंगं घेऊन आलेले सांगाडे, चेटकिणी, दोन-तीन मधमाश्या, सगळ्यांची बोटं साखरेच्या पाकातल्या सफरचंदांनी चिकट झालेली. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून रॉस. पेटी गेली तर बत्तीस वर्षं आपण काय केलं हे सांगायला घरात काही उरणार नाही, एवढंच व्हर्नाच्या डोक्यात होतं. मग तिने दिवे मंद करायला सांगितले आणि गोष्ट सुरू केली.

एका जादूगाराच्या घरात एक हात राहायचा. धड नाही, तोंड नाही, नुसता हात. दुनियेची नावं तो लिहायचा. टाळ्या जादूगाराला. तुझं नाव काय, असं त्या हाताला कुणी कधी विचारलंच नाही. मग जादूगार मेला, आणि हात घरात एकटाच उरला. एक मधमाशी आईच्या मांडीवर चढली.

"मिस्टर टिलमन, वर या," व्हर्ना म्हणाली. "त्या हाताचं नाव या चिठ्ठीवर लिहा. मला दाखवू नका."

रॉसला हसू आवरेना. हात कुणाचा हे त्याला चांगलंच माहीत होतं. पाठ वळवून त्याने नाव लिहिलं, चिठ्ठीच्या आठ घड्या घातल्या आणि ताटलीत टाकली. व्हर्नाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काडी ओढली, चिठ्ठी जळू दिली, स्वतःची डावी बाही वर सारली आणि गरम राख सावकाश दंडावर चोळली. सकाळी तिने स्वतःच साबणाने लिहून ठेवलेली अक्षरं काळी, ठसठशीत वर आली. पुढच्या सांगाड्याने ती मोठ्याने वाचली: व्हर्ना.

"फसला," रॉस खुशीत ओरडला. "मी 'मिसेस क्रीगर' लिहिलं होतं. ही व्हर्ना कोण?"

मागून ओपल खदखदून हसली, तिच्यामागे आयाबाया, आणि कशाला हसायचं हे न कळताच सगळी पोरं. रॉसचं तोंड उतरत गेलं. एकवीस वर्षं तो या बाईच्या हातचं जेवत आला होता.

व्हर्ना हसली नाही. काळा दंड तिने त्याच्या नाकासमोर धरला.

"मी," ती म्हणाली. "आता खाली बसा. पुढचा खेळ करायचाय मला."