तिसऱ्या शिट्टीचा ठोका

कुकरच्या पहिल्या शिट्टीला त्याने माझा हेडफोन हिसकावला, दुसरीला लॅपटॉप धाडकन मिटला आणि तिसरीला माझ्या कानाखाली वाजवली.

"सा कशाशी खातात माहीत नाही, आणि म्हणे म्युझिक करते! माझ्या आईनं तीस वर्षं गाणं शिकवलंय. तिचं नाव घालवणार तू?"

हा रुचिर, माझा नवरा. आइंडहोवनला इंजिनियर. आम्ही राहतो त्या न्यूनेन गावातले शेजारी त्याला देवमाणूस म्हणतात, कारण तो त्यांच्या सायकली फुकट दुरुस्त करतो. मी मंजूषा, डिपेंडंट व्हिसावर परदेशी आलेली. गाणं कधी शिकले नाही. व्हिडिओ बघून बघून सॉफ्टवेअर शिकले आणि घरातलेच आवाज गोळा करत सुटले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माझा ट्रॅक वाजणार होता. त्यासाठी कुकरच्या शिट्ट्या हव्या होत्या, म्हणून फोन ओट्यावर रेकॉर्डिंगला लावला होता. तो बंद करायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी रुचिर ऑफिसला गेल्यावर सुजल्या गालाने ते रेकॉर्डिंग ऐकलं. शिट्ट्या बऱ्या होत्या. पण ती थप्पड! काय स्वच्छ आवाज मेल्याचा! पोटभर रडले, मग तेवढाच तुकडा कापला आणि ठेक्यासाठी पुन्हा पुन्हा ओळीने मांडला. वर शिट्टी, खाली वॉशिंग मशीनची घरघर.

कार्यक्रमात लोकांनी ठेका धरला. पहिल्या रांगेत रुचिरही जोरजोरात टाळ्या वाजवत होता. चारचौघांत बायकोचं कौतुक करायला तो नेहमीच पुढे.

मंडळाच्या अध्यक्ष सरलाताईंनी माइक माझ्यापुढे धरला. "अगं, तो ठोका कशाचा? ढोलकी नाही, हलगी नाही. काटा आला बाई अंगावर!"

"ह्यांच्या हाताचा," मी म्हटलं.

हॉल खो खो हसला. रुचिरही हसला. मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपवर समोरच होतं. ते वाजवलं की घरी परतायची सोय उरणार नव्हती, व्हिसाही त्याच्याच नोकरीवर. तरी बटण दाबलं.

तीन शिट्ट्या. थप्पड. माझं 'आई गं'. आणि मग सगळ्यांच्या ओळखीच्या आवाजात, "सा कशाशी खातात माहीत नाही…"

कुणी हसलं नाही.

"आज तू आमच्याकडे राहायचंस," सरलाताई म्हणाल्या.

मी लॅपटॉप पिशवीत भरला. रुचिरचे हात अजून टाळीसाठी उचललेलेच होते. ते त्याने हळूच जॅकेटच्या खिशात घातले.