सुतारआजोबांचा खटका

सुतारकाम सोडून वर्षं झाली तरी आजोबांचे हात काही स्वस्थ बसत नव्हते. सुनेने एकदा नुसतं म्हटलं, "बाबा, सिंकखालच्या बाटल्या वरच्या फळीवर ठेवूया, चिमणी हल्ली सगळीकडे हात घालते," की झालं! "फळी कशाला? मी आहे ना," म्हणत त्यांनी नातीसाठी त्या कपाटाला लाकडी खटका बसवला. खालून दाबायचा, मग डावीकडे सरकवायचा, तरच दार उघडणार.

खटका खरंच फर्मास होता. पण गप्प बसतील तर ते आजोबा कसले! कुणीही आलं की चिमणीला कडेवर घेऊन ते पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात न्यायचे. "उघडून दाखवा!" पाहुणा घामाघूम व्हायचा. मग आजोबा "दाबा, सरकवा, झालं!" म्हणत दार उघडायचे आणि चिमणी टाळ्या पिटायची. एवढा खटका असल्यावर बाटल्यांची झाकणं घट्ट लावायचीही कुणाला गरज वाटेना.

त्या दुपारी सून कपडे वाळत घालत होती, आजोबा व्हरांड्यात स्टुलाचा पाय घासत होते. घर फारच शांत वाटलं म्हणून ते आत डोकावले. कपाट सताड उघडं. फरशी पुसायच्या औषधाची बाटली आडवी. चिमणीची हनुवटी, ओठ, झबलं, सगळं निळं.

"अगं ए, धाव!" ते ओरडले आणि पोरीच्या घशात बोट घालायला गेले. सुनेने त्यांचा हात झटकला. "उलटी काढू नका! वर येताना घसा आणखी भाजेल!" तिने पोरीचं तोंड पुसलं, पाण्याने धुतलं, बाटली उचलली आणि तशीच अनवाणी शेजाऱ्यांच्या गाडीत बसली. आजोबा मागोमाग.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं, पोरीचा घसा तपासला. "नुसतं चाटलंय, प्यायली नाही. थोडक्यात वाचली. तरी संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे."

आजोबांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंड सुटलं. "माझा खटका आपोआप उघडत नाही. तूच दार उघडं टाकलंस!" सुनेने मान खाली घातली. तिलाही तसंच वाटायला लागलंय हे त्यांना दिसत होतं, तरी ते थांबले नाहीत.

घरी आल्यावर सुनेने सगळ्या बाटल्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि रिकामं कपाट लावलं. आजोबांनी मुद्दाम तिच्यासमोर दार ओढून पाहिलं. पक्कं बंद.

तेवढ्यात चिमणी दुडुदुडु पुढे आली. तिने इवलासा अंगठा खटक्याखाली घातला.

"दाबा, शलकवा, झालं!"

दार उघडलं.

कुणी थोबाडीत मारावी तसे आजोबा हादरले. सुनेकडे बघायची त्यांची हिंमतच होईना. चिमणी मात्र वर तोंड करून त्यांच्याकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "ताळ्या!"